एकोणीस दारांचा नकाशा

शरयू गोवंडेने चितारआळीचा नकाशा काढायला घेतला तेव्हा आळीत एकोणीस घरं होती, आणि एकोणीसही घरांत माणसं होती. चौथ्या दिवशी घरं तेवढी राहिली.

यात शरयूचा हेतू वाईट होता असं तिच्या वैऱ्यानेसुद्धा म्हणू नये. (वैरी म्हणजे भूमितीच्या बाई, पण त्यांचं या हकिकतीत काही काम नाही.) ती इंग्रजी सहावीत होती, स्नेहसंमेलनात सबंध शाळेसमोर न अडखळता बोलून नुकतीच खाली उतरली होती, आणि त्या दिवसापासून जगातलं कुठलंही काम आपल्याला सोपवायला लोक उगाच उशीर करताहेत असं तिचं ठाम मत झालं होतं.

चितारआळी म्हणजे सांगलीत नदीकडे उतरणारी अरुंद आळी. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे, टोप करणारे, तंबोरे आणि पेट्या जुळवणारे असे सगळे तिथे दाटीवाटीने राहत. भरभराटीच्या काळात आळीत शिरलं की एका दारात राजवाडा वाळत घातलेला असे, पुढच्या दारात अरण्य, आणि मध्ये कुणाची तरी म्हैस. बोलपट आले तशी कंपन्या बसल्या, राजवाडे गुंडाळून माळ्यावर गेले. म्हैस तेवढी राहिली.

त्रेचाळीस साली या आळीला शंभर वर्षं झाली, असं नानासो वकिलांनी जाहीर केलं. शंभरच कशावरून, असं विचारण्याची सोय नव्हती. नानासोंकडे एक जुना कागद होता. त्यावरचे सालाचे शेवटचे दोन आकडे वाळवीने खाल्ले होते, आणि उरलेल्या दोनांत शंभर वर्षं आरामात बसत होती. समिती झाली. दसऱ्याला समारंभ ठरला, बाहेरगावचे पाहुणे ठरले, आणि आळीच्या तोंडाशी लावायला एक भला मोठा छापील नकाशा ठरला. कुठल्या घरात कोण कलावंत होऊन गेला, कुठे कोण आहे, ते पाहुण्याला उभ्याउभ्या कळावं.

आता लढाईमुळे कागद मिळत नव्हता. औषधाच्या पुडीला मिळत नव्हता तिथे नकाशाला कुठला! पण शरयूच्या मामांचा साताऱ्याला शिळाछापखाना होता आणि त्यांच्याकडे लढाईआधीचा जाड कागद शिल्लक होता. मामांनी लिहिलं, “कागद देतो, छापून देतो. नकाशा मात्र भाची काढील.”

नानासोंनी चष्म्यावरून शरयूकडे पाहिलं. “रेघा सरळ येतात का?”

“आळी सरळ नाहीये, नानासो,” शरयू म्हणाली. “पण येतात.”

“हं. वेळेत झाला आणि बरोबर झाला, तर खाली कोपऱ्यात तुझं नाव घालू. बारीक अक्षरात.”

बारीक तर बारीक! शरयूने त्या संध्याकाळी भूमितीच्या वहीत आपलं नाव चौदा तऱ्हांनी लिहून पाहिलं. शाळेतल्या भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा होता, मुंबई इलाख्याचा होता, जगाचा होता. एकाच्याही कोपऱ्यात कुठल्या बाईचं नाव नव्हतं. ‘रेखाटन: कु. शरयू गंगाधर गोवंडे, सांगली’ हे तिला झोपेतही दिसू लागलं. नकाशा वगैरे ठीक, पण तिला हवं होतं ते हे.

सोमवारी ती पाहणीला निघाली. पाहणी शास्त्रशुद्ध पाहिजे, तेव्हा तिने वडिलांचं सामान घेतलं. गंगाधरपंत कचेरीत आरोग्यखात्याचे कारकून. घरात एक रद्द झालेली नोंदवही पडली होती, तिची मागची पानं कोरी होती. पुठ्ठ्यावर ‘मृत्यू’ असं ठळक छापलेलं होतं, पण कागदाच्या टंचाईत पुठ्ठ्याकडे कोण बघतो? खात्याची लांबी मोजायची फीत होती, तीही घेतली. आणि एकदा मोजलेलं घर पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून करवंटीत गेरू कालवून घेतला. ज्याच्या घरी पडदे रंगवतात त्याच्या दारावर गोल. वाद्यवाल्याच्या दारावर फुली. टोपवाल्याच्या दारावर दोन फुल्या. पद्धत तिची तिनेच काढली होती आणि तिला ती फार आवडली होती.

पहिलंच घर टोपवाल्या सुलाबाईंचं. सुलाबाई उंबऱ्यात बसून कुठल्याशा राजाच्या जटा विंचरत होत्या.

“तुमच्या घरातलं कोण कोण गेलं?” शरयूने वही उघडून विचारलं.

सुलाबाईंचा हात थांबला. “सासरा गेला. दीर गेला.”

“कुठल्या साली?”

“आता साल कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय, बाई? लय दिस झालं.”

“बरं, कुठल्या खोलीत?” म्हणजे कुठल्या खोलीत बसून काम करत, असं तिला विचारायचं होतं, वाक्य आखूड झालं.

“खोलीत? माजघरात... आवं, पर कशापायी इचारताय?”

“नोंद करायची आहे. दसऱ्याच्या आत सगळी आळी व्हायला हवी,” असं म्हणून शरयूने दाराची रुंदी मोजली, आत डोकावून खिडक्या मोजल्या, दारावर दोन ठसठशीत फुल्या ओढल्या आणि ती पुढच्या घराकडे वळली. आपण केवढ्या आत्मविश्वासाने बोललो, याचं तिला कौतुक वाटलं. मागे सुलाबाई शेजारणीला म्हणत होत्या, “बघ गं, तुला काय मिळतंय! मला तर दोन फुल्या!” शरयूला वाटलं, मान मिळाल्याचा आनंद आहे.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत एकोणीस घरं झाली. पडदेवाले आकाराम चितारी हे आळीतले सर्वांत वडील. त्यांनी दारावरच्या गेरूच्या गोलाकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, “गंगाधरपंतांची लेक न्हवं तू? त्यांनीच धाडलीय?”

“वही त्यांचीच आहे,” शरयू म्हणाली. खोटं काही बोलली नाही.

“हात सोडा घालून धू गं, पोरी,” आकाराम म्हणाले. शरयूला हे पडदेवाल्यांचं काहीतरी शास्त्र असावं असं वाटलं. घरी जाऊन तिने धुतलेसुद्धा.

बुधवारी नकाशा पक्का झाला आणि खरंच सुरेख झाला. घराघरावर बारकं चित्र, म्हशीसकट. गुरुवारी पहाटेच्या मोटारीने गंगाधरपंत तो पत्र्याच्या नळ्यात घालून साताऱ्याला निघाले. भूमिगतांच्या धामधुमीच्या त्या दिवसांत सातारा जिल्ह्यात एखाद्या आळीचा नकाशा, तोही घराघराला खुणा केलेला, घेऊन हिंडणं म्हणजे काय, हे गंगाधरपंतांना कऱ्हाडला कळलं. पोलिसांनी नळा उघडला. मग तीन तास, ज्यांनी आयुष्यात साहेबापुढे ‘होय’च्या पुढचा शब्द काढला नाही ते गंगाधरपंत, फौजदाराला टोप म्हणजे डोक्यावरचा टोप, तोफ नव्हे, हे पटवत बसले. शेवटी फौजदाराने नकाशातल्या म्हशीला हसून त्यांना सोडलं. परत यायला त्यांना शनिवार उजाडला. आणि पुढचं सगळं झालं ते गंगाधरपंत सांगलीत नव्हते म्हणूनच.

कारण गुरुवारी सकाळी सुलाबाईंच्या मांजराने अंगणात एक मेलेला उंदीर आणून ठेवला. मांजरं ठेवतात. पण दारावर आरोग्यखात्याच्या गेरूच्या खुणा, हातात मृत्यूची वही, ‘कोण गेलं, कुठल्या खोलीत गेलं’ ही चौकशी, आणि वर उंदीर! सांगलीत प्लेग कसा येतो हे लहान पोरालाही ठाऊक होतं. असाच येतो. खूण झाली, उंदीर पडला, की घराला कुलूप आणि माळावर झोपड्या.

शरयू आळीत आली ती विसरलेली करवंटी न्यायला. पाहते तर गाड्या भरल्या जाताहेत. गुंडाळलेले पडदे, पेट्या, तंबोरे, हंडे, अंथरुणं. म्हैस पुढे.

“कुठे निघालात सगळे?”

“माळावर. मिरजेच्या वाटंला,” कुणीतरी म्हणालं.

माळावर! पडदे घेऊन! शंभरीच्या उत्साहात आळीने प्रयोग ठरवला, असं शरयूला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला. तिने पदर खोचला आणि गाडी भरायला मदत केली. राजवाड्याचं एक टोक तिने स्वतः उचलून दिलं. गाड्या हलल्या तेव्हा तिने हात हलवून निरोप दिला, आणि “मी पण येईन हं बघायला!” असं ओरडून सांगितलं. सुलाबाई डोळे पुसू लागल्या. “पोरगी लय धीराची,” त्या म्हणाल्या.

खरा प्रकार शनिवारी उघडकीला आला. गंगाधरपंत साताऱ्याहून उतरले ते थेट कचेरीत गेले, आणि तिथे टेबलावर साहेबांचा कागद वाट पाहत होता: चितारआळीत प्लेगच्या खुणा कोणाच्या हुकमाने केल्या, याचा खुलासा व्हावा. गंगाधरपंत घरी आले. टोपी काढली नाही, पाणी मागितलं नाही.

“शरू, गेरू कुठं आहे?”

“संपला, अण्णा.”

“वही?”

शरयूने वही पुढे केली. गंगाधरपंतांनी पुठ्ठा वाचला आणि ते खुर्चीत बसले.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” शरयूची आई शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “की मुलीला भरतकामाला घाला.” त्या तेव्हा असं काही म्हणाल्या नव्हत्या.

एव्हाना शेजारीपाजारी सल्ल्याला जमले होते. कुणी म्हणालं, दवंडी पिटवा की प्लेग नाही. त्यावर दुसरा म्हणाला, छे! नाही म्हणून दवंडी दिली की लोकांना खात्रीच पटते. तिसऱ्याने सल्ला दिला की आता खराच एखादा उंदीर तपासायला पाठवा. चौथ्याचं म्हणणं, काही दिवस कोणी काही करूच नये. हे तो सगळ्याच बाबतींत म्हणत असे. नानासो मात्र सल्ला द्यायला आले नव्हते. ते भांडायला आले होते.

“बुधवारी दसरा! पाहुणे येणार! कलावंतांची आळी म्हणून त्यांना काय दाखवू, कुलपं? जा, आणा त्यांना परत.”

रविवारी बापलेक माळावर गेले. तिथे जे पाहिलं ते पाहून शरयू, एवढं होऊनही, हरखली. तट्ट्यांना आडोसा म्हणून लोकांनी पडदे बांधले होते. एक कुटुंब राजवाड्यात राहत होतं, एक अरण्यात. आकारामांच्या झोपडीला भर रस्त्याचा पडदा होता, त्यामुळे ते आपले चव्हाट्यावर बसल्यासारखे दिसत.

शरयूने सगळं कबूल केलं. प्लेग नाही, खुणा माझ्या, नकाशासाठी. कुणी ओरडलं नाही. उलट सुलाबाई हसल्या. “म्हंजे दोन फुल्या टोपाच्या व्हत्या? आन् मी मेली रोज कुलदेवीला नारळ कबूल करतीया!”

“मग चला परत,” गंगाधरपंत म्हणाले.

आकारामांनी मान हलवली. “न्हाई, पंत. खूण झाल्यावर दाखल्याबिगर घरात पाय टाकायचा न्हाई, ही आळीची रीत हाय. दारावर कागद लागंल, तवा येऊ.”

सोमवारी गंगाधरपंत साहेबांपुढे उभे राहिले. प्लेग संपल्याचा दाखला हवा होता. साहेबांनी विचारलं, सुरू कधी झाला? झालाच नाही. मग जो सुरू झाला नाही तो संपला असं मी कुठल्या कलमाखाली लिहू? साहेबांचं चुकत नव्हतं. त्यांनी तोडही सुचवली: आधी रीतसर प्लेग जाहीर करू, मग ठरलेल्या मुदतीने उठवू. फक्त तोवर गावात समारंभ, मेळा, गर्दी बंद.

नानासोंनी हे ऐकून पाहुण्यांच्या यादीची घडी घातली आणि ती खिशात टाकली.

सोमवारी संध्याकाळी शरयू एकटीच पुन्हा माळावर गेली. आकाराम पडद्यावरच्या रस्त्याला फाटलं होतं तिथे टाके घालत होते.

“आजोबा, मी खरं सांगतेय. प्लेग नाही. तुम्हाला माहीत आहे की मी खरं सांगतेय.”

“व्हय.”

“मग?”

आकारामांनी सुई पडद्यात टोचून ठेवली. “माजा धाकटा भाऊ व्हता. गुंडा. मागल्या एका प्लेगात आमी हितंच व्हतो. समदे म्हनू लागले, संपलं आता, जावा घरला. तोंडानं समद्यांनी सांगितलं. कागदावर कुनी नाव लावलं न्हाई. गुंडा दोन दिस आदी गेला. रंग वाळंल म्हनला, आन् परत आला न्हाई.” त्यांनी सुई पुन्हा उचलली. “सायेबाचंच नाव पायजे असं न्हाई, पोरी. पर कुनाचं तरी पायजे. उद्या काय झालं, तर ह्या नावाच्या मानसानं सांगितलं म्हनून आमी आलो, असं म्हनता आलं पायजे.”

शरयूने पडद्याचं फाटलेलं टोक ताणून धरलं, आणि टाका पुरा होताच ती उठली.

घरी येऊन तिने वडिलांना विचारलं, “अण्णा, मी सही केली तर?”

गंगाधरपंत विचारात पडले. वीस वर्षांची कारकुनी त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकली. “मी केली तर नोकरी जाईल. साहेब करणार नाहीत. तू...” ते थांबले. “तू कचेरीत नाहीस. जो कचेरीतच नाही त्याच्याकडे खुलासा मागता येत नाही.” आणि आयुष्यात प्रथमच गंगाधरपंत कायद्याकडे बघून हसले.

नानासोंना मात्र हे कळताच ते तडक आले. “प्लेगच्या कागदावर तुझं नाव, आणि तेच नाव समितीच्या नकाशावर? पाहुणे वाचतील, हसतील! दोन्हीकडे चालणार नाही. सही केलीस तर मी साताऱ्याला तार करतो, छापायच्या दगडावरून नाव खरवडायला. बघ बाई, तुझं तू.”

कोपऱ्यातलं नाव शरयूने इतक्यांदा डोळ्यांपुढे आणलं होतं की त्याच्या वेलांट्यासुद्धा तिला पाठ होत्या. तिला रडू आलं. ते तिने गिळलं, कारण नानासो बघत होते.

“करा तार,” ती म्हणाली.

रात्रीचं जेवण होईतो एकोणीस कागद तयार झाले. मजकूर गंगाधरपंतांचा, अक्षर शरयूचं: ‘या दारावरील खूण मी केली. ती चुकून प्लेगची समजली गेली. या घरात प्लेग नाही व नव्हता. हे मी माझ्या जबाबदारीवर लिहिते. शरयू गंगाधर गोवंडे.’ तार पोचेपर्यंत साताऱ्याला मामांनी दगड तयार ठेवलाच होता. त्यांनी नाव खरवडलं आणि नकाशे मोटारीवर घातले.

मंगळवारी सकाळी शरयूने एकेका दारावरचा गेरू ओल्या फडक्याने पुसला आणि त्या जागी खळीने कागद चिकटवला. आळीतली माणसं गाड्या घेऊन आळीच्या तोंडाशी उभी होती. आकारामांनी पहिला कागद नातवाकडून दोनदा वाचून घेतला आणि मान डोलावली. पण सुलाबाई अडल्या.

“शिक्का कुठं हाय? शिक्क्याबिगर कागुद कसला?”

गंगाधरपंतांच्या कपाळाला घाम आला. सरकारी शिक्का लावणं म्हणजे थेट तुरुंग. शरयूने दौतीचं बूड शाईत बुडवलं आणि कागदावर दाबलं. काळं गोल वर्तुळ उठलं, आत धड काही नाही.

“ह्यात काय लिवलंय?” सुलाबाईंनी विचारलं.

“काही नाही,” शरयू म्हणाली. आज तिने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

सुलाबाईंनी निरखून पाहिलं. “बराबर हाय. सरकारच्या शिक्क्यातलं बी मला कवा वाचता आलं न्हाई.” आणि त्यांनी उंबरा ओलांडला. मागून म्हैस शिरली.

दसऱ्याला समारंभ झाला. नकाशा आळीच्या तोंडाशी लागला. उजव्या कोपऱ्यात खरवडल्याची पांढरट जागा तेवढी दिसत होती, पण मुद्दाम पाहिली तरच. सकाळी नानासोंनी माणसं पाठवली होती, दारावरचे ते कागद काढून टाका म्हणून. आकाराम उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “काढा की. आमी बी गाड्या जुंपतो.” कागद राहिले.

पाहुण्यांत साताऱ्याचे एक वृद्ध गृहस्थ होते. शंभरीवर भाषण करून झाल्यावर ते आळीतून चालत गेले, एकेका दाराशी थांबले, चष्मा पुसून पुन्हा थांबले. मजकूर बारीक होता, तो त्यांना वाचता आला नाही. सही ठळक होती. परत येताना ते नकाशासमोर उभे राहून बराच वेळ शोधत राहिले. शरयू दोन हात अंतरावर पाहुण्यांना पानसुपारी देत होती.

“नानासो,” ते म्हणाले, “हा नकाशा अपुरा आहे हो. या शरयू गोवंडे कोण? प्रत्येक दारावर त्यांचं नाव. आळीतल्या फारच थोर कलावंत असल्या पाहिजेत. आणि नकाशात त्यांचं घरच दिसत नाही!”

नानासो नकाशाच्या उजव्या कोपऱ्यासमोर येऊन उभे राहिले. शरयूने पानाचं तबक घट्ट धरलं आणि जमिनीकडे पाहिलं.

“कलावंत न्हाईत, आवं,” सुलाबाई मध्येच म्हणाल्या. त्या नवा टोप डकवता डकवता तशाच उठून आल्या होत्या आणि हाताची बोटं डिंकाने भरलेली होती. “तिनं नाव लावलं म्हनून आमी घरात हाय. घर इचारताय न्हवं? थांबा, दावते. ह्ये. ह्ये. ह्ये बी.”

नानासो “अहो, हात लावू नका!” म्हणेपर्यंत सुलाबाईंचं बोट नकाशावर डिंकाचे ठसे उमटवत एकोणिसाव्या घरावर टेकलं होतं.